एकोणतीस नंबरचा पत्रा

करुणा, तो पत्रा अजून वाचनालयातच आहे, माझ्या टेबलाखाली. काळी बाजू भिंतीकडे वळवून ठेवला आहे, म्हणजे पेपर वाचायला येणाऱ्यांच्या कपड्यांना काजळी लागणार नाही. ह्याचं काय करायचं ठरवलं, असं तू मला दोनदा विचारलं होतंस आणि दोन्ही वेळा मी 'बघू' म्हणाले होते. तू गेलीस त्याला आता दीड महिना होईल. पत्र्याचं ठरलं आहे आणि ते तुला सांगावं म्हणून लिहायला बसले आहे. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. मी लिहून दिलेल्या प्रत्येक अर्जातले पहिले दोन परिच्छेद तू कापायचीस. आज कापायला तू नाहीस, तेव्हा थोडं सोस.

तुझ्याबद्दल पेपरात आलं ते मी कापून फाइलला लावलं. ग्रंथपालाला दुसरं काय येतं? त्यात तुझं वय, शिक्षण, कुठल्या समितीवर होतीस, ते सगळं आहे आणि बहुतेक बरोबर आहे. शोकसभेत मात्र एका वक्त्यानं 'धुरानंच आपली करुणा नेली' असं म्हटलं, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मी खुर्चीत चुळबुळले. डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नव्हतं. तू असतीस तर मागच्या रांगेतून उठून विचारलं असतंस, हे कोणत्या रिपोर्टात आहे भाऊ? पुरावा हातात नसताना तू धुरालासुद्धा दोष देत नव्हतीस. म्हणून मीही देत नाही. तू गेलीस, एवढंच मला माहीत आहे.

तू पहिल्यांदा आलीस ती दुपार. तीन हिवाळे झाले. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी काखेत धरून तू आत आलीस. चार म्हातारे पेपर वाचत होते. तू कोणाला काही विचारलं नाहीस. पर्समधून एक छोटं भिंग काढलंस, घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं, आणि आमच्या कपाटांच्या कोपऱ्यात रंगवलेले नंबर एकेक करून पाहू लागलीस. मला वाटलं, कुठल्या तरी खात्याची तपासणी आली. मी उभी राहिले. मग तू पोतं सोडलंस आणि माझ्या टेबलावर पत्रा ठेवलास. कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू होती ती, धुरानं काळी पडलेली, एका कोपऱ्यात तेवढी पुसलेली. पुसलेल्या जागी पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं: सा. वा., ज. व. २९.

सार्वजनिक वाचनालय, जडवस्तू क्रमांक एकोणतीस. आमच्याकडे खुर्ची येवो, पंखा येवो, भिंतीवरचं घड्याळ येवो, त्याची जडवस्तू नोंदवहीत नोंद होते आणि वस्तूवर नंबर पडतो. ते नंबर सत्तावीस वर्षं मीच रंगवते आहे.

"त्या कपाटावरचा नऊ अन् हा नऊ एकाच हातचे आहेत, मॅडम," तू म्हणालीस. "शेपूट पाहा ना, किती लांब ओढली आहे."

मी नाही म्हणू शकले नाही. त्याच्या दोन वर्षं आधी आम्हाला नवे कॉम्प्युटर मिळाले होते. जुने पाच जिन्याखाली पडून होते आणि उंदरांनी त्यांच्या वायरी कुरतडल्या होत्या. समितीनं ते काढून टाकायचा ठराव केला, मी भंगारवाल्याला बोलावलं, त्याची तीनचाकी दारात लागली आणि अर्ध्या तासात जिना मोकळा झाला. मी नोंदवहीत पाचही नंबरांपुढे 'निर्लेखित', म्हणजे नोंदीतून काढलं, असं लिहून सही केली. खरं सांगू? मला फार बरं वाटलं होतं. तिथं मी मुलांच्या पुस्तकांचं कपाट लावलं. ते पाच डबे दारातून बाहेर पडल्यावर कुठे गेले असतील, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. आणि लोक समजतात, वाचणाऱ्या माणसाला जगाची खबर असते.

कुठे सापडला, असं मी विचारलं. आमच्या गावच्या बोडीवर, म्हणालीस. शेवंता नावाच्या बाईनं वारा अडवायला तो आगीसमोर उभा केला होता.

आता तू रागावशील म्हणून मी वाट पाहत राहिले. तू पाणी मागितलंस. पाणी पिऊन झाल्यावर विचारलंस, "इथं सभासद व्हाले काय लागते?" मी फॉर्म दिला. विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीवरचं एक जुनं पुस्तक, जे अकरा वर्षं कोणी नेलं नव्हतं, ते घेऊन गेलीस. पत्रा नेला नाहीस. तुमचा आहे, तुम्हीच ठेवा, म्हणालीस.

पुढच्या रविवारी तू मला स्कूटीवर मागे बसवून बोडीवर नेलंस. पवनीहून आसगावच्या रस्त्यावरून आत गेलं की तुझं गाव, आणि गावाच्या खालच्या अंगाला ती बोडी, लहानसं तळं. त्याच्या पाण्यावर पलीकडचे धानाचे बांध भिजतात, काठाच्या पाळीवर म्हशी बसतात. आणि पाळीच्या टोकाला ती काळी जागा. शेवंता उकिडवी बसून वायरींचे गुंडाळे आगीत उलटेपालटे करत होती, भाकरी उलटावी तसे. वरचं प्लास्टिक जळून गेलं की आत तांबं उरतं, ते भंगारवाला नेतो. धूर काळा होता, मग मध्येच हिरवट. त्या दिवशीच्या साडीचा वास दोन धुण्यांत गेला नाही.

मी तिथंच, जरा मोठ्यानं, तुला म्हणाले की ह्याची पोलिसांत तक्रार करायला हवी. शेवंतानं मान वर केली नाही.

"करा ना मॅडम," ती म्हणाली. "वायर तुमच्या हापिसातून येते, अन् पोलीस माह्या घरी."

तू हसलीस, मला तेव्हा त्याचा रागच आला. मग वाऱ्याची दिशा पाहून तू तिच्या शेजारी बसलीस आणि विचारलंस की कोणत्या वायरीनं डोकं जास्त धरतं. शेवंता आधी कोड्यात पडली, असं तिला कोणी विचारलंच नव्हतं. मग बोलू लागली. काळी लवकर जळते आणि डोळ्यांत जाते. पांढरी हळू जळते आणि तिनं रात्री जेवण नको वाटतं. टीव्हीच्या मागची जाड वायर तर ती पावसाळ्यात घेतच नाही, धूर खाली बसतो म्हणून. तू सगळं वहीत उतरवून घेतलंस. परतताना मी म्हटलं की तू तिला आणखी चढवून ठेवशील. तू म्हणालीस की बंद करणं सोपं आहे मॅडम, ती उद्या दुसऱ्या बोडीवर जाईल. "जाळणारा हात दिसते. देणारा नाही दिसत."

हा वाद आपला तीन वर्षं चालला. मी म्हणायची, आग आधी विझली पाहिजे, बाकीचं मागाहून. तू म्हणायचीस, जिथून येतं तिथं हात घातल्याशिवाय आग विझत नाही. अजूनही मला पूर्ण पटलेलं नाही, करुणा. त्या काळात बोडीवर जी लहान पोरं म्हशी घेऊन बसत होती, त्यांनी तुझ्या युक्तिवादाची वाट का पाहायची? हे मी तुला शेवटपर्यंत विचारत राहिले आणि प्रत्येक वेळी तू गप्प व्हायचीस. तुझं ते गप्प होणं मला आवडायचं. तुझ्याजवळ सगळ्याची उत्तरं असती तर मी तुझ्याबरोबर इतकी चाललेच नसते.

भिंगाची गोष्ट तू मला खूप उशिरा सांगितलीस. पुण्याकडे एका कारखान्यात तू आठ वर्षं होतीस. सर्किटचे बोर्ड तयार होऊन पट्ट्यावरून यायचे आणि त्यांवरचे सोल्डरिंगचे बारीक डाग भिंगातून तपासून तू बरा-वाईट ठरवायचीस. तिथली हवा सतत गाळलेली असायची. आधी तुला कौतुक वाटलं, किती स्वच्छ हवा! मग एक दिवस तुझ्या लक्षात आलं की ती हवा बोर्डांवर धूळ बसू नये म्हणून आहे, आणि डाग देणाऱ्या बायकांच्या नाकाशी येणारा धूर ओढून घेणारा पंखा कधीच बंद पडला आहे. तू तो पंखा दुरुस्त करा म्हणालीस. सहा महिने म्हणत राहिलीस. पंखा झाला, पण पुढच्या वेळी तुझं कंत्राट झालं नाही. भिंग तेवढं तुझ्यापाशी राहिलं.

मी विचारलं होतं, मग तुझ्या हातून पास झालेला एखादा बोर्ड इथं बोडीवर जळायला आला असेल का? तू भिंगाची काच पुसलीस. म्हणालीस, "येऊ शकते. पण आला असं मी नाही म्हणणार. माह्यापाशी त्याचा नंबर नाही." एवढं बोलून तू माझ्या टेबलाखाली पाहिलंस. मला लाज वाटली. माझ्यापाशी होता ना नंबर.

गणपतकाकांचं नाव सुचवलं ते मी, एवढं श्रेय मला घेऊ दे. आमच्या गल्लीत माग होते तोवर ते दुरुस्त करणारे गणपतकाका. माझ्या वडिलांच्या मागाचा प्रत्येक सांधा त्यांच्या हातचा. माग बंद पडले तसे काका ओट्यावर बसून राहू लागले. तू त्यांच्यापुढे वायरीचा तुकडा ठेवलास आणि विचारलंस, न जाळता ह्याची साल काढता येईल का. काकांनी तो वळवून पाहिला, दातांनी चावूनही पाहिला, मग म्हणाले, "जिंदगीभर धागा घालत आलो, आता काढून पाहतो." पंधरा दिवसांनी त्यांनी एक फळी आणली. जुन्या मागाचे दोन लाकडी रूळ, मध्ये पातं, बाजूला फिरवायचा दांडा. वायर एका टोकानं आत जायची आणि दुसऱ्या टोकानं तांबं वेगळं, साल वेगळी. शेवंतानं दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाली की हे तर आगीपेक्षा धीमं आहे. काका म्हणाले, "धीमं तर आहेच वो. पण खोकणार नाही."

मग गावातलं धानाचं बंद पडलेलं गोदाम, ग्रामपंचायतीनं वर्षाच्या बोलीवर दिलेलं. परवानगीच्या कागदांत तुझी दोन वर्षं गेली, म्हणजे माझे सतरा अर्ज. गोदामाला सगळे 'शेड' म्हणायला लागले. सात बायका. वायरी सोलायच्या, लोखंड, प्लास्टिक वेगळं करायचं. बोर्ड, बॅटऱ्या आणि काचेच्या नळ्या फोडायच्या नाहीत, त्या खोक्यांत भरून परवाना असलेल्या कारखान्याच्या गाडीत द्यायच्या. आणि तुझा एकच कडक नियम: शेडमध्ये आगपेटी आणायची नाही. उदबत्तीसाठीसुद्धा नाही. काका आपली बिडी आणि पेटी बाहेरच्या खिडकीवर ठेवून आत यायचे आणि जाताना विसरायचे. खिडकीवर कायम तीन-चार पेट्या असायच्या.

शेडच्या पहिल्या वर्षी तुझ्या गावच्या मंडईत तू टेबल मांडलंस. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे गावची जत्राच, सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, एका बाजूला दंडारीच्या खेळाची तयारी, दुसऱ्या बाजूला जिलेबी, आणि मध्ये तुझी पाटी: मेलेला मोबाईल आणा, कायनं मेला ते सांगतो. लोक हसत आले आणि मग रांग लागली. एक म्हातारा टीव्हीचा रिमोट घेऊन आला, अचानक गेला म्हणाला. तू मागचं झाकण काढलंस. "बाबा, सेल उलटा घातला आहे गा. हा जिता आहे." रांगेतल्या बायका पोट धरून हसल्या. संध्याकाळपर्यंत दोन टोपल्या भरल्या.

त्याच रांगेत एक बाई होत्या, नवऱ्याचा फोन घेऊन. ते गेले होते. फोन लागत नव्हता, द्यायचाही नव्हता; ह्यात त्यांचा आवाज असेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. तू भिंग लावून बराच वेळ आत पाहत राहिलीस. मला ठाऊक होतं की भिंगातून आवाज दिसत नाही, आणि तुलाही ठाऊक होतं. मग तो फोन पुसून, रुमालात बांधून त्यांच्या हातात परत दिलास. "हा भंगार नाही होय, माय. पवनीत एक दुरुस्तीवाला आहे, मी येतो तुमच्यासंगं." आणि खरंच गेलीस. आवाज मिळाला की नाही, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

आता मला जे सांगायचं आहे तिथं मी आले आहे. माझ्याजवळून तुला एकच कागद हवा होता.

शेडची मुदत ह्या ऑक्टोबरात संपत होती. सरपंचांचं म्हणणं रास्त होतं: शेडला कायम काम मिळणार असेल तर गोदाम पुढे देऊ, नाहीतर धान ठेवायला परत घेऊ. काम म्हणजे माल. आणि माल भंगारवाल्याकडे न जाता शेडकडे यायचा तर पवनीतल्या संस्थांनी तसं लिहून द्यायला हवं होतं. तू दारोदार फिरलीस. चार पत्रं मिळवलीस. पाचवं आमच्या वाचनालयाचं. सगळ्यांना वाटत होतं, ते तर घरचंच.

पत्रासाठी समितीपुढे विषय घ्यावा लागतो, आणि विषयपत्रिका मी लिहिते. विषय आला की कोणीतरी विचारणार, मागचे कॉम्प्युटर कुठे गेले? ते कोणाला दिले? परवाना पाहिला होता का? मी पाहिला नव्हता. सत्तावीस वर्षांत माझ्या नोंदवहीत एक खाडाखोड नाही, ह्याचा मला अभिमान होता. तीन बैठका झाल्या. तिन्ही विषयपत्रिका मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि तिन्हींत तो विषय नव्हता. तुला म्हणत राहिले, समितीला वेळ नाही. तुला कळत होतं. तू फक्त एकदा टोमणा मारलास. "मॅडम, तुमच्या इथं सगळ्या जगाचं पुस्तक सापडते. एक कागद नाही सापडत." आणि पुस्तक बदलून निघून गेलीस.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारलेली नाही. तीन वर्षांत तू वाचनालयात माझ्याबरोबर कितीदा चहा घेतलास. माझं घर तिथून दोन गल्ल्या आत. मी तुला कधी घरी बोलावलं नाही. एकटीचं घर, पसारा, असं मनाशी म्हणायची. गणपतकाका सत्तर वर्षांचे, ते पहिल्याच महिन्यात तुमच्या मोहल्ल्यात तुझ्या आईच्या हातची भाकरी खाऊन आले आणि गल्लीभर सांगत सुटले की असा मिरचीचा ठेचा खाल्ला नाही. मी शिकलेली. मी पुस्तकांतलं सगळं मान्य केलेली. जुनी सवय दारात उभी असते आणि आपण तिला पसारा म्हणतो. हे तुला समोर सांगायला हवं होतं. तू मला शेवटपर्यंत 'मॅडम' म्हणालीस, ह्याची तक्रार मी कोणत्या तोंडानं करू?

शेवटपर्यंत म्हणजे, एकदा सोडून. दवाखान्यात तुझ्या आईनं मला पलंगापाशी बसवलं आणि त्या औषधं आणायला गेल्या. तुला धाप होती. मी उगाच खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल बोलत होते. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास.

"बाई, तो विषय घेजो."

आपल्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मी मान हलवली. तोंडानं हो म्हटलं नाही. तू डोळे मिटलेस आणि मला वाटलं, उद्या येऊन म्हणेन.

पुण्यानुमोदनाला मी तुमच्या विहारात आले होते. वंदना सुरू झाली, कधी हात जोडायचे, कधी झुकायचं, मला कळत नव्हतं. शेवंता माझ्या बाजूला येऊन बसली आणि प्रत्येक वेळी कोपरानं हलकेच खूण करत राहिली. नंतर बाहेर चपला शोधताना म्हणाली की शेडची चावी तिच्यापाशी आहे आणि बायका रोज येतात. पण सभेत तिला बोलता येत नाही, बोलायचं ते करुणाच बोलायची. "तुम्ही बोलान का?" मी म्हटलं, मलाही येत नाही गं. बोडीवर मान वर न करणाऱ्या तिनं आता सरळ माझ्याकडे पाहिलं. मग मी हो म्हणाले, तोंडानं.

विषय घेतला. क्रमांक एक वर. समितीपुढे मी सगळं सांगितलं, पत्रा टेबलावर ठेवूनच. एका सदस्यांनी विचारलं, आता हे कायले उकरून काढता, मॅडम? मी म्हटलं, मी उकरलं नाही, हे तीन वर्षं माझ्या टेबलाखाली उघडंच होतं. सचिवांनी पत्रा स्वतःकडे ओढून नंबर वाचला. मग म्हणाले की त्या ठरावावर सही माझीही आहे. पत्र झालं. मला शिक्षा वगैरे काही झाली नाही. मी ज्याला तीन वर्षं भीत होते ते सगळं मिळून वीस मिनिटांचं निघालं, करुणा. ती वीस मिनिटं मी तू असताना काढली असती तर.

ग्रामसभेला गणपतकाका आणि मी ऑटोनं आलो, पत्रा पोत्यात. मंडपात तुझी नेहमीची जागा, खांबापाशी, कोणी घेतली नव्हती. शेडचा विषय आला. काही जणांचं म्हणणं होतं की करुणा होती तोवर ठीक, आता कोण पाहणार, गोदाम परत घ्या. मी उभी राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, आवाज नाही येऊन राहिला मॅडम. मी पोतं सोडलं आणि पत्रा दोन्ही हातांनी वर धरला.

"हा पत्रा आमच्या वाचनालयाचा आहे. हा नंबर मी रंगवला. वायर शेवंतानं जाळली, पण दिली मी."

शेवंता पुढच्या रांगेत होती. ती वळून बाजूच्या बाईला म्हणाली, सगळ्यांना ऐकू येईल इतकं, "अन् मी समजत होतो कोण्या मोठ्या कंपनीचा असन." लोक हसले. मीही हसले, आणि त्या हसण्यानं माझा आवाज मोकळा झाला. मी पत्र वाचलं. पहिले दोन परिच्छेद घरूनच कापून आणले होते.

आणि मग जे झालं ते तुला दिसायला हवं होतं. तुझ्याच गावचे एक निवृत्त मास्तर उठले आणि म्हणाले की त्यांच्या शाळेचे दोन टीव्ही त्याच तीनचाकीत चढवताना त्यांनी स्वतः हात लावला होता. त्यांच्यामागून दवाखान्याच्या कंपाउंडर बाई उठल्या. एक जण नुसताच म्हणाला, माह्या घरचा टीव्ही. तुझं ते वाक्य, देणारा हात दिसत नाही, तीन वर्षं मी ऐकत होते. त्या मंडपात हात वर होत होते, करुणा, एकेक करून.

शेड मिळाली. तीन वर्षांसाठी. बायकांनी तुझा फोटो लावायचं ठरवलं होतं, पण शेवंता म्हणाली की फोटोला हार आला, हाराला उदबत्ती आली आणि उदबत्तीला आगपेटी. तेव्हा फोटो नाही. तुझं भिंग तुझ्या आईनं शेडला दिलं आहे. बोर्डावरची बारीक अक्षरं वाचायला बायका ते वापरतात, आणि आठवड्यातून एक दिवस मी जाते ती अक्षरं शिकवायला. शेवंता 'सावधान' सांगणारा इंग्रजी शब्द आता कुठल्याही कोपऱ्यातून हुडकून काढते.

परवा मी बोडीवर गेले होते. धान निसवला आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत, बांधाबांधातून दुधाळ वास येतो. काळ्या जागेवर अजून गवत उगवलेलं नाही. माती तपासायला दिली आहे, अहवाल यायचा आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, लगेच गवत आलं असतं तर मी विश्वासच ठेवला नसता. पण पाळीवर ताजी राख नव्हती. म्हशींजवळची पोरं चिंचा खात होती. मी वाऱ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिले. कसलाच वास नव्हता, नुसत्या पाण्याचा होता.

तुझ्या आईला मी दसऱ्याला घरी जेवायला बोलावलं. त्या आल्या. गणपतकाकाही आले, न बोलावता. माझ्या भाजीला काही चव नव्हती, त्या दोघांनी ते मला स्पष्ट सांगितलं.

आणि पत्रा. तो शेवंतानं मागून घेतला आहे, शेडच्या दारावर लावायला. काळ्या बाजूवर मी पांढऱ्या रंगानं लिहायचं आहे: आगपेटी बाहेर ठेवा. काजळी पुसायची नाही, असं ती म्हणाली, काळ्यावर पांढरं चांगलं दिसतं. पुसलेल्या कोपऱ्यातला नंबर तसाच राहील. ऑइलपेंटचा डबा आणून ठेवला आहे. उद्या जाईन.

आज फक्त नोंदवही काढली. एकोणतीस नंबरापुढे 'निर्लेखित' लिहिलं होतं, तो शब्द एका रेघेनं खोडला. सत्तावीस वर्षांतली पहिली खाडाखोड. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: बोडीवरच्या आगीतून करुणानं परत आणला. उद्यापासून शेडच्या दारावर, वापरात. खाली सही केली आणि नंबर पुन्हा एकदा स्वच्छ लिहिला. नऊची शेपूट तशीच लांब ओढली आहे. ओळखशील.